संग्रहालयातून काय घेऊन यायचं? कला शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर संग्रहालयात रेखाटनाला बसतो. कुणी फाउंडेशनला, म्हणजे कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्षाला असतं, कुणी बी.एफ.ए. या कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला, कुणी अजून इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत असतं. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

संग्रहालयात गेलं की प्रेरणा मिळते, असं सगळे सांगतात. मी दोनदा जाऊन आलो, मला काहीच सुचलं नाही. माझं काय चुकलं?

बहुधा तुम्ही सगळं पाहिलंत, तेच चुकलं.

माझी पहिली भेट कॉलेजच्या सहलीत झाली. साठ-सत्तर मुलं, दोन तास आणि तीन मजले. बाहेर आलो तेव्हा पाय दुखत होते आणि डोक्यात मूर्ती, तलवारी, चिनी बरण्या यांची सरमिसळ झाली होती. रात्री वही उघडली तर काढावंसं काहीच आठवेना. वर्षभराने एकटा गेलो आणि एकाच कपाटासमोर दीड तास बसलो. त्या दीड तासावर पुढे माझं अख्खं सत्र निघालं.

नुसती नजर फिरवून प्रेरणा मिळत नाही, ती हात चालायला लागल्यावर मिळते. एखादी वस्तू काढताना कुठेतरी हात अडतो. 'हा खांदा इतका पुढे का आलाय?', 'ही कड इथे जाड आणि तिथे बारीक कशी?' असा प्रश्न पडतो. तो अडलेला प्रश्नच घरी न्यायचा असतो. हात अडेपर्यंत एका जागी बसलात, तर काहीच सुचलं नाही असं सहसा होत नाही.

म्हणजे एका वस्तूसमोर किती वेळ बसायचं?

कमीत कमी पाऊण तास. आधी वही न उघडता पूर्ण दालनात एक फेरी मारा आणि कुठे पाय थबकतात ते बघा. जिथे दुसऱ्यांदा वळून पाहावंसं वाटलं तिथेच बसा. ती वस्तू 'महत्त्वाची' असायलाच हवी असं नाही.

१८८५ साली व्हॅन गॉग एका मित्राबरोबर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गेला आणि रेम्ब्राँच्या 'ज्यू वधू' या चित्रासमोर बसून राहिला. मित्र बाकीचं संग्रहालय पाहून परत आला तरी तो तिथेच होता. कोरड्या पावाच्या तुकड्यावर चौदा दिवस या चित्रासमोर बसायला मिळालं, तर आयुष्याची दहा वर्षं द्यायला तयार आहे, असं तो तेव्हा म्हणाल्याचं त्या मित्राने लिहून ठेवलं आहे. आपण पाऊण तासापासून सुरुवात करू.

पण संग्रहालयामुळे एखाद्या चित्रकाराचं काम खरोखर बदललं, असं घडलंय का?

घडलंय, आणि आपल्या जवळच घडलंय. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत होते. १९४८ मध्ये दिल्लीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, ते पाहायला ते चित्रकार एफ. एन. सूझांबरोबर गेले. तिथे मथुरेची शिल्पं होती, गुप्तकाळातली होती आणि जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रंही होती. शिल्पातल्या भरीव, वळणदार शरीरांनी आणि बसोलीच्या सपाट, तापलेल्या रंगांनी त्यांना जे दिलं, ते त्यांच्या त्यानंतरच्या चित्रांत उघड दिसतं. पुढच्या वर्षी दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं, त्याचं मूळही त्याच प्रदर्शनात आहे.

त्याच्याही आधीचं उदाहरण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथले विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. लेण्यांतल्या अंधूक उजेडात एकेक आकृती मोठ्या कॅनव्हासवर उतरवायची, असं ते काम होतं. पुढे चित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांत होते. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यातल्या पुष्कळ जळाल्या. वाचून वाईट वाटतं. पण ती बोटं, ते अर्धमिटले डोळे, ती मान वळवायची रीत ज्या हातांनी काढली, त्या हातांत ती उरलीच असणार.

अमृता शेर-गिल पॅरिसला शिकून आल्या होत्या. अजिंठा पाहिल्यावर आणि दक्षिणेत फिरल्यावर १९३७ मध्ये त्यांनी 'ब्रह्मचारी' आणि 'वधूचा शृंगार' ही चित्रं काढली. त्यांची आधीची पॅरिसची चित्रं आणि ही चित्रं शेजारी ठेवून पाहा, माझ्या सांगण्यापेक्षा ती जास्त सांगतील.

सुरुवात कुठून करू? मुंबईच्या मोठ्या संग्रहालयातून?

तुम्ही कुठे राहता आणि काय शिकता त्यावर ते ठरेल. पण कुणी एकच नाव सांगा म्हटलं तर मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं सांगतो. तिथे भिंतीवर टांगायची चित्रं कमी आणि हातात धरायच्या वस्तू जास्त आहेत, म्हणूनच ते सांगतो.

दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. साधारण १९२० पासून ते वस्तू जमवू लागले आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. दिवे, दरवाजे, वाद्यं, अडकित्ते, वज्र्या, करंडे अशा रोजच्या घरातल्या या वस्तू आहेत. त्या राजवाड्यासाठी घडलेल्या नाहीत, आणि तरीही घडवणाऱ्याने कुठे हात आखडता घेतलेला नाही. टाच घासायची वज्री ती काय! पण तिच्यावर मोर बसवलाय, आणि तोही असा की त्याची मान बरोबर मुठीत यावी. सजावट आणि उपयोग वेगळे करता येत नाहीत, हे मला कुठल्याही व्याख्यानात कळलं नव्हतं, त्या मोराच्या मानेने ते कळलं.

इलस्ट्रेशन किंवा ॲनिमेशन करणाऱ्यांना मी भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाठवतो. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींत जुन्या मुंबईतली माणसं, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे दिसतात. पात्र कसं उभं राहतं, पागोट्याच्या एका वळणाने माणूस कसा बदलतो, ते तिथे शिका. मात्र ते बुधवारी बंद असतं.

शिल्पकलेच्या मुलांनी मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातली मातीकामं बघावीत. मातीचा ओलेपणा अजून हाताला लागेल असं वाटतं. तिथून रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, पण दोन्ही एकाच दिवशी करू नका. गोव्यात असाल तर जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा. विषय युरोपचा आणि कोरणारे हात इथले, त्यामुळे चेहऱ्यांत काय काय झालंय ते शोधत बसायला खूप आहे.

मी खेड्यात राहते. आमच्याकडे संग्रहालय नाही.

औंध ऐकलंय? साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर एक गाव आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढायचे. यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय सुरू केलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि बाळाचं दगडी शिल्पही आहे. मूरचं शिल्प पाहायला लोक परदेशी जातात, आणि आपल्याकडे ते माणदेशाच्या वाटेवरच्या एका डोंगरावर आहे. मी शाळेत असताना एसटीने तिथे गेलो होतो. त्या बाळाच्या पाठीचा गोल मला तेव्हा 'अर्धवट सोडलेला' वाटला होता. तो तसाच का सोडलाय, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

औंधही लांब पडत असेल तर गावातल्या देवळाच्या आवारात बघा. वीरगळ, सतीशिळा, झिजलेला नंदी, दीपमाळ असं काहीतरी असतंच. वीरगळ तर खालून वर वाचायचं चित्रच असतं. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर तो देवासमोर बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. एका दगडात गोष्टीचे तीन-चार कप्पे कसे बसवायचे, हे त्याच्याकडून शिका. घरातली जुनी वस्तूही चालेल. माळ्यावरचा कंदील, आजीचं जातं, फणेरपेटी, काहीही.

आत रेखाटन करू देतात का? पहारेकरी ओरडले तर?

पेन्सिल आणि छोटी वही बहुतेक ठिकाणी चालते. शाई, जलरंग, चारकोल हे सहसा चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. एक शिंतोडा उडाला तर तो परत काढता येत नाही. इझल किंवा स्टूल न्यायचं असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन आधी परवानगी मागा.

एकदा एका संग्रहालयात मला अर्ध्या रेखाटनावर उठवलं होतं. मी वाट अडवून बसलो होतो, चूक माझीच होती. तेव्हापासून आत गेल्या गेल्या दालनातल्या कर्मचाऱ्यांना नमस्कार करून विचारतो, "काका, इथे बसून काढलं तर चालेल ना?" या माणसांशी बोला. वर्षानुवर्षं ते त्याच वस्तूंजवळ उभे आहेत. कुठल्या मूर्तीवर कुठल्या वेळी ऊन येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चारचौघांत काढायला लाज वाटते. लोक मागे उभे राहून बघतात.

भिंतीला पाठ लावून बसा. आणि पहिली पाच रेखाटनं वहीकडे न बघताच काढा, नजर फक्त वस्तूवर ठेवून. ती वेडीवाकडीच येतात, सगळ्यांची येतात. 'चांगलं' काढायचं ओझं गेलं की मागे कोण उभं आहे हेही विसरायला होतं.

फोटो काढून घरी आरामात काढलं तर? आणि नेटवर तर सगळंच मिळतं.

फोटो जरूर काढा, परवानगी असेल तिथे, फ्लॅश बंद ठेवून. पण आधी रेखाटन आणि नंतर फोटो. उलटं केलंत की मन म्हणतं, 'मिळालं, चला पुढे.'

फोनवर सगळ्या वस्तू एकाच मापाच्या होतात. कुंकवाचा करंडा आणि माणसाहून उंच द्वारपाल, दोघेही वीतभर दिसतात. लघुचित्र पडद्यावर पाहून मोठं वाटतं, प्रत्यक्षात ते वहीच्या पानाएवढं असतं, आणि त्यावर पापण्यांचा एकेक केस काढलेला असतो. ते कळलं की श्वास रोखला जातो. वस्तूला मागची बाजूही असते, ती फोटोत नसते. मूर्तीच्या पाठीमागे छिन्नीच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात आणि काम कसं झालं ते तिथेच दिसतं.

तरीही ज्यांना परदेशातलं पाहायचंय त्यांनी राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर जावं. दोघांनीही आपल्या संग्रहाच्या मोठ्या प्रतिमा मोफत खुल्या केल्या आहेत. पोत पाहायला त्यांच्यासारखी सोय नाही. फक्त तिथे पाहताना वस्तूची उंची-रुंदी वाचून भिंतीवर खडूने तेवढी चौकट आखा आणि मग चित्राकडे बघा.

एखाद्या मूर्तीवरून किंवा लघुचित्रावरून काम केलं तर ती नक्कल नाही का होणार? सर ज्युरीत, म्हणजे कामाच्या परीक्षणात, विचारतात.

नक्कल करणं हा अभ्यास आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लघुचित्रांच्या कारखान्यांत शिकाऊ पोरं उस्तादांच्या चरब्यावरून, म्हणजे छाप्याच्या पारदर्शक नमुन्यावरून, आकृत्या गिरवूनच तयार व्हायची. पण अभ्यासाची वही आणि ज्युरीत मांडायचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतून भिंतीपर्यंत जाताना मधे काय घडतं, ते माझ्याच उदाहरणाने सांगतो.

मघाशी म्हटलं ते दीड तासाचं कपाट अडकित्त्यांचं होतं. एक अडकित्ता माणूस आणि बाई यांच्या जोडीचा होता. दोन शरीरं म्हणजे दोन दांडे, कंबरेशी एकच खिळा, मिटला की जोडपं जवळ येतं, उघडला की दूर जातं. मी तो सहा वेळा काढला. पाचव्या वेळी हात खिळ्यापाशी अडला. सगळी हालचाल या एका ठिपक्यातून होते, बाकीचं शरीर ताठ आहे, आणि तरी ते जिवंत दिसतंय.

त्या सत्राचा कंपोझिशनचा विषय 'बाजार' होता. मार्केट यार्डात गेलो तर पोती वाहणारे हमाल दिसले. पाठ ताठ, पाय ताठ आणि सगळं वळण कंबरेत. अडकित्ताच! मग मी हमालांची शरीरं सपाट, पितळी पिवळ्या तुकड्यांत रंगवली आणि प्रत्येकाच्या कंबरेशी एक गडद ठिपका ठेवला. चित्रात अडकित्ता कुठेच नव्हता, पण त्याच्याशिवाय ते चित्र झालं नसतं. ज्युरीत विचारलं तेव्हा मी वहीची ती सहा पानं समोर ठेवली.

वस्तूचा आकार उचललात तर नक्कल होईल. ती वस्तू कशी चालते, ते उचला.

वहीत नेमकं काय काय टिपायचं?

मी तीन रेखाटनं करायला सांगतो. पहिलं फक्त बाह्यरेषेचं. दुसरं फक्त सावल्यांचं, रेषा न काढता, पेन्सिल आडवी धरून. तिसरं बाहेरच्या बाकावर बसून, आठवणीतून. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मनाने काय ठेवलं आणि काय टाकलं ते त्यात उघड होतं. जे ठेवलं ते तुमचं.

रंग शब्दांत लिहा, आणि आपल्या घरातल्या शब्दांत लिहा. 'ब्राउन' लिहिलंत तर आठवड्याने काही बोध होणार नाही. 'भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा', 'शेंदराला काजळी लागल्यासारखा', 'विटलेली नीळ' असं लिहिलं की रंग परत हाताशी येतो. माप आपल्या हाताने घ्या, म्हणजे वीत, चार बोटं, मूठ. हात अर्थात काचेपासून लांब ठेवून! काचेत स्वतःचं प्रतिबिंब फार येत असेल तर गडद रंगाचा शर्ट घालून जा, बराच फरक पडतो.

आणि पाटीवरचा नोंदणी क्रमांक नक्की लिहा. सहा महिन्यांनी त्या वस्तूबद्दल काही विचारायचं झालं तर 'ती डावीकडची मूर्ती' म्हणून चालत नाही.

पाट्या आधी वाचायच्या की नंतर?

नंतर. आधी वाचली की आपण वस्तू सोडून पाटीवरची माहितीच पाहत बसतो. पण वाचायची मात्र नक्की. कुठल्या गावची, कुठल्या शतकातली, कशाची, एवढं तरी.

देवाची मूर्ती समोर असते. तिच्याकडे देव म्हणून बघू की शिल्प म्हणून? मला संकोच होतो.

हा प्रश्न विचारणारे फार नसतात, पण जे विचारतात ते खोल बघत असतात असा माझा अनुभव आहे.

मूर्ती जिथे होती तिथे तिच्यावर तेल होतं, कुंकू होतं, समईचा हलता उजेड होता, समोर उभी माणसं होती. संग्रहालयात ते सगळं गेलेलं असतं. म्हणून हात जोडावेसे वाटले तर जोडा आणि मग वही उघडा. मी तसंच करतो. रेखाटताना एकच विचार करा, ही कुठून पाहण्यासाठी घडवली होती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कर्नाटकातल्या ऐहोळेच्या हुच्चप्पय्या मंदिरातल्या सातव्या शतकातल्या मोठ्या शिळा आहेत. ब्रह्मा, विष्णू, शिव. त्या मूळच्या छतातल्या. भक्त मान वर करून त्या बघायचा, आणि आपण समोर उभं राहून बघतो. एकदा एका विद्यार्थिनीला मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसवलं, अगदी जवळ, मान मागे टाकून. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, सगळे तरंगायला लागले." तिने तीच शिळा दोनदा काढली, उभ्याने आणि बसून. पुढे तिचं शेवटच्या वर्षाचं सगळं काम 'खालून पाहिलेलं' असं निघालं. इमारतीच्या जिन्यातून दिसणारी माणसं, दोरीवरच्या साड्या, पंख्याखाली झोपलेल्या मुलाला दिसणारी आई.

घरचे म्हणतात, संग्रहालयात दिवस घालवून मार्क वाढतात का?

थेट वाढत नाहीत. पण मेमरी ड्रॉइंगमध्ये माणूस बसवताना, स्टिल लाइफमध्ये पितळ आणि माती यांची चकाकी वेगळी काढताना वर्षभराच्या वहीचा उपयोग होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. घरच्यांना एकदा बरोबर न्या. माझी आई केळकर संग्रहालयात आली आणि प्रत्येक भांड्याचं नाव आणि उपयोग सांगत सुटली. जे पाटीवर नव्हतं ते सगळं त्या दिवशी माझ्या वहीत आलं.

खर्च किती येतो?

तिकीट बहुतेक ठिकाणी परवडणारं असतं आणि विद्यार्थ्यांना पुष्कळदा सवलत मिळते, म्हणून ओळखपत्र बरोबर ठेवा. १८ मे या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला अनेक ठिकाणी खास कार्यक्रम असतात. निघण्याआधी फोन करून दालन उघडं आहे ना ते विचारा. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी. सहलीचा दिवस ठरवताना हे हमखास विसरलं जातं.

एकदा पाहिलेल्या संग्रहालयात परत जाण्यात अर्थ आहे का?

त्याच वस्तूकडे परत जा. जुनी वही बरोबर न्या, पण उघडू नका. आधी नव्याने काढा आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. माझ्याकडे त्या अडकित्त्याची अकरा वर्षांतली रेखाटनं आहेत. अलीकडच्यात खिळा जवळजवळ दिसतच नाही. बाईच्या हातातली सुपारीएवढी मोकळी जागा मात्र मोठी होत चालली आहे. ती का, हे अजून कळलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत परत जाणार आहे.